उपाशी वाकळ

भर दुपारी, जालन्याच्या आठवडी बाजारात, कांदेवाल्या बाया आणि मडकी विकणारा कुंभार यांच्या मधोमध एक पन्नाशीचा माणूस जमिनीवर उताणा पडला आहे आणि त्याच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत घोंगडी ओढलेली आहे, असं दृश्य तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही तेच केलं असतं जे मी केलं. मी चपला काढल्या, हात जोडले आणि कांदेवाल्या बाईला हळूच विचारलं, "कधी गेले?"

घोंगडीच्या आतून आवाज आला, "कुठंच गेलो न्हाई. उजेड बघून राह्यलो."

हे आमचे मारोतीअण्णा. मोजणीखात्यातले सर्वांत जुने मोजणीदार. मी त्यांच्याच कचेरीत आठ दिवसांपूर्वी कारकून म्हणून लागलो होतो आणि त्यांना तोंडावरून ओळखत होतो, पण तोंडच झाकलेलं असल्यावर ओळखणार कसं? अण्णा उठले, पटक्याला लागलेली माती झटकली आणि घोंगडीवाल्याला म्हणाले, "तीन जागी उजेड दिसतोय. जिथून उजेड आत येतो तिथून वारा बी येतो. दुसरी दाव." अशा त्यांनी त्या दिवशी अकरा घोंगड्या पांघरून पाहिल्या. घोंगडीवाला चिडला नाही. मारोतीअण्णांनी पास केलेली घोंगडी म्हटलं की उरलेला माल आपोआप खपतो, हे त्याला ठाऊक होतं.

निजामी अंमलातली ही गोष्ट. दिवाळी झाली की आमचं मोजणीचं पथक बैलगाड्यांत राहुट्या घालून जालन्याहून निघायचं ते होळीच्या आसपास परत यायचं. एक साहेब, अण्णा, एक कारकून आणि साखळी ओढणारे चार गडी. गावोगावच्या शिवारात तळ पडायचा. दिवसा जमीन मोजायची आणि रात्री त्याच जमिनीवर पाठ टेकायची. पौष-माघातली आमच्याकडची थंडी ज्यांनी राहुटीत काढली नसेल त्यांना मी तिच्याविषयी काही सांगणार नाही. ज्यांनी काढली असेल त्यांना सांगायची गरज नाही.

साहजिकच निघण्याआधी प्रत्येकाच्या अंथरुणाचा प्रश्न उभा राहायचा, आणि अंथरुणाचा प्रश्न म्हणजे मारोतीअण्णा. त्यांच्या वाडवडलांनी मेंढरं राखली होती. अण्णा चार बुकं शिकले, उर्दू लिहायला लागले, सरकारी साखळी हातात आली, पण लोकर काही त्यांच्या बोटांतून गेली नाही. घोंगडी नुसती चिमटीत धरून ते सांगायचे, "ही जावळाची. कोकराच्या पहिल्या कातरणीची. मऊ हाय, पर चार साल टिकंल." किंवा, "ह्याच्यात खळ जास्ती झाली. पाऊस पडला की दारासारखी उभी राहील."

उजेडाची परीक्षा झाली की पाण्याची. दोघांनी घोंगडी चारी कोपऱ्यांना धरायची, मध्ये झोळ सोडायचा, त्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि अण्णांनी बिडी पेटवायची. बिडी संपेपर्यंत थेंब पडला नाही तर घोंगडी पास. पडला तर अण्णा बिडी विझवून उरलेली कानावर ठेवत आणि पुढच्या दुकानाकडे चालू लागत. अकराव्या घोंगडीपर्यंत त्यांच्या कानावर बरीच थोटकं जमली होती.

माझं अंथरूण तपासायला ते घरी आले तो प्रसंग मी विसरणार नाही. आमचं घर पेठेतलं. आईनं पिंजाऱ्याकडून खास कापसाची गादी भरून घेतली होती आणि मामांनी मुंबईहून आणलेलं बिलायती कांबळं दिलं होतं. मी मोठ्या ऐटीत दोन्ही पसरून दाखवलं. अण्णांनी गादीवर तळहात ठेवला आणि वैद्य नाडी बघतो तसे डोळे मिटले.

"बापू," ते म्हणाले, "ही गादी घरी राहू द्या."

"का अण्णा?"

"कापूस ओल पितो. पह्यल्या दिवशी गादी, दुसऱ्या दिवशी चिखल. आन् हे कांबळं निस्तं वरून गरम हाय. लोकं वरून पांघरतेत आन् म्हणतेत थंडी का वाजून राह्यली. थंडी वरून येत न्हाई बापू. थंडी खालून येती."

हे त्यांचं वाक्य. थंडी खालून येती. आधी कडबा, त्यावर पोतं, पोत्यावर वाकळ आणि मग अंगावर घोंगडी, हा त्यांचा कायदा होता आणि तो मोडणारा माणूस त्यांच्या मते शहाणा असूच शकत नव्हता. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून शिवलेली गोधडी. तिची जागा पाठीखाली, अंगावर नाही. पुढेपुढे हे वाक्य अंथरुणापुरतंही राहिलं नव्हतं. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कुणाची नोकरी गेली, कुणाची भिंत खचली, तरी अण्णा मान हलवून म्हणत, "वरून बघून काय समजतंय? थंडी खालून येती." आणि गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा खरं निघायचं.

आमच्या साहेबांनासुद्धा हा धडा एकदा घ्यावा लागला होता. साहेब हैदराबादचे. पहिल्या वर्षी ते मखमली रजई घेऊन आले होते. अण्णांनी रजईकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. साहेबांना ते गप्प राहणं झोंबलं. "क्या जी अण्णा, इसमें क्या खराबी है?" अण्णा अदबीनं म्हणाले, "कुछ खराबी नहीं साहेब. शादी में बिलकुल बराबर है." दुसऱ्या दिवशी सकाळी रजई दवानं भिजून बैलाच्या पाठीवर वाळत होती आणि साहेब अण्णांची घोंगडी पांघरून चहा पीत होते. तेव्हापासून साहेबांचं अंथरूणही अण्णाच निवडायचे.

तर त्या बाजारात अण्णांनी मला एक घोंगडी निवडून दिली. आणि मग संध्याकाळ व्हायला आली तरी ते आणखी एक शोधत राहिले. ही दुसरी घोंगडी म्हणजे बारीक विणीची, काळीभोर, पांढऱ्या काठाची. तिच्यासाठी त्यांनी दोन बिड्या ओढल्या. थेंब पडला नाही. ती त्यांनी स्वतःच्या धोतरात गुंडाळून गाडीत सर्वांत खाली ठेवली.

"ही कुणाची, अण्णा?"

"हाय एकाची," ते म्हणाले आणि बैलाशी बोलू लागले.

आता सांगण्याची गोष्ट अशी, की सगळ्या पथकाला उत्तम अंथरूण निवडून देणाऱ्या ह्या माणसाचं स्वतःचं अंथरूण पाहिलं तर तुम्ही तोंडात बोट घातलं असतं. त्यांची वाकळ फिक्या जांभळ्या रंगाची होती. टाके कुठे बोटभर, कुठे वीतभर, वाट चुकलेल्या मेंढरांसारखे कुठूनही कुठे गेलेले. एक बाजू दुसरीपेक्षा लांब. आणि ही वाकळ ते पाठीखाली अंथरत नसत. स्वतःचाच कायदा मोडून ती अंगावर घेत, वरून घोंगडी, आणि वाकळेचा एक कोपरा न चुकता गालाखाली दाबून झोपत. रोज तोच कोपरा. मी एकदा विचारलं, "अण्णा, तुमच्यासारख्या माणसाला ही असली वाकळ?" तर ते म्हणाले, "हिची परीक्षा घेतलेली न्हाई." एवढंच.

आमचा पहिला मुक्काम राजूरला पडला. अण्णा गणपतीच्या देवळात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी बघायला गेलो तर ते नारळ फोडून हात जोडून उभे होते, आणि ओठ हलत होते. गडी कोंडिबा, जो अण्णांबरोबर वीस वर्षं साखळी ओढत होता, माझ्या कानाशी म्हणाला, "लेकीसाठी मागून राह्यलेत. दहा वर्सं झाली लग्नाला. पदरात लेकरू न्हाई." तिथून आम्ही भोकरदनकडे आणि पुढे डोंगराच्या अंगाला धावड्याकडे निघालो. धावडा जवळ येऊ लागलं तसे अण्णा कमी बोलू लागले.

कारण धावडा हे त्यांच्या लेकीचं सासर. सारजा तिचं नाव. एकुलती एक. अण्णांची बायको ती लहान असतानाच गेली होती आणि अण्णांनीच तिला वाढवलं होतं. आता रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. पुष्कळ लोक ही रीत पाळतात, पण ज्याला पाळायची तो आपला जेवणाच्या वेळी गोड बोलून काढता पाय घेतो. अण्णा मोजणीदार होते. त्यांनी गावाची शीव धरली. शिवेच्या आतलं पाणीसुद्धा नको. रोज सकाळी कोंडिबा दोन कोसांवरच्या दुसऱ्या गावच्या विहिरीवरून अण्णांसाठी घागर भरून आणायचा.

पहिल्याच दिवशी दुपारी सारजा डोक्यावर पाटी घेऊन तळावर आली. उंच, सावळी, अण्णांचंच नाक. पाटीत ज्वारीच्या भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. तिनं सगळ्यांना वाढलं. आम्ही सहा जणांनी, साहेबांसकट, हात आखडता घेतला नाही. मी तीन भाकरी खाल्ल्या हे कबूल करतो. अण्णा समोर बसून फडक्यातले फुटाणे खात होते.

"ठेचा कसा झाला, साहेब?" अण्णांनी विचारलं.

"बहोत अच्छा," साहेब म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"आईवर गेली," अण्णा म्हणाले आणि एक फुटाणा तोंडात टाकला.

मग त्यांनी गाडीच्या तळातून धोतरात गुंडाळलेली ती काळी घोंगडी काढली आणि तिच्या हातात दिली. द्यायला बंदी नव्हती, घ्यायला होती. सारजानं घोंगडी उलगडून डोक्यावर धरली आणि आतून उन्हाकडे पाहिलं. बापाचीच लेक. "एक बी छेद न्हाई अण्णा," ती म्हणाली. मग रिकामी पाटी उचलून गेली. जाताना तिनं फुटाण्यांच्या फडक्याकडे एकदा पाहिलं होतं. मी ते पाहिलं आणि विसरून गेलो. तीन भाकरी पोटात असल्या की माणूस बऱ्याच गोष्टी विसरतो.

आणि आता माझा पराक्रम. शुक्रवारी सुट्टी असायची. त्या शुक्रवारी साहेब आणि अण्णा कामानिमित्त भोकरदनला गेले होते. गड्यांनी सगळी अंथरुणं उन्हात टाकली. माझ्या मनात आलं, अण्णांनी आपल्यासाठी एवढी पायपीट केली, आपण त्यांच्यासाठी काहीतरी करावं. शिवणकामात माझा हात चांगला आहे. आमच्या आजोबांचं कापडाचं दुकान होतं, त्यामुळे सुईदोऱ्याची मला लाज नाही. अण्णांची वाकळ मांडीवर घेतली आणि सुटलेले टाके घालायला बसलो.

तो रोजचा कोपरा हाताला लागला. आत सुपारीएवढं काहीतरी टणक. मला वाटलं, मातीचा खडा असेल, नाहीतर किडीनं घर केलं असेल. रोज गालाखाली हे टोचत असणार, आणि स्वभाव असा की बोलायचे नाहीत. मी कोपरा उसवला. आत फडक्याच्या चिंधीत गुंडाळलेला एक काळपट, वाळून दगड झालेला तुकडा निघाला. मी तो दूर भिरकावला. एक कावळा लगेच घेऊन गेला. मग मी कोपरा परत शिवला, ओळीत, एकाला एक लागून, कुणी पट्टी ठेवून बघावं असा. शिवून झाल्यावर लांब धरून दोनदा पाहिला.

संध्याकाळी अण्णा आले. घडी घालायला वाकळ उचलली आणि त्यांचं बोट त्या कोपऱ्यावर गेलं. तिथंच थांबलं.

"बापू, हितं काय व्हतं?"

"घाण होती अण्णा. मी काढून टाकली. कावळ्यानं नेली."

अण्णा खाली बसले. त्यांनी कोपरा परत एकदा चाचपला, चिमटीत धरला, सोडला. मला वाटलं माझ्या टाक्यांचं कौतुक करतील. "बरं केलं," ते म्हणाले, पण आवाज त्यांचा नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी कुणाच्या पोत्याखाली कडबा आहे की नाही हे बघितलं नाही. असं वीस वर्षांत झालं नव्हतं, कोंडिबा म्हणाला.

मग कोंडिबानं मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडे एखाद्या अडाण्याकडे पाहावं तसा पाहत होता. "आमच्या बाया वाकळ शिवतेत ना, तर शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास घालतेत. वाकळ उपाशी ठेवू न्हाई. ही वाकळ सारजानं हितं सासरी शिवून धाडल्ती, लग्नाच्या पह्यल्या साली. घास तिच्या घरच्या भाकरीचा व्हता. माहेरी गेली की ती रांधून घालती, पर ती जवारी अण्णाचीच की. तिच्या घरचं अन्न म्हणून अण्णाजवळ तेवढंच व्हतं."

मी तीन भाकरी खाल्ल्या होत्या. आणि त्यांचा एक घास मी कावळ्याला घातला होता. मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण जमीन आम्ही नुकतीच मोजून ठेवली होती आणि ती जागची हलली नाही.

सकाळी मी वाकळ काखोटीला मारली आणि गावात सारजाचं घर विचारत गेलो. ती अंगण झाडत होती. मी काहीही न लपवता सगळं सांगितलं आणि म्हणालो, "सारजाअक्का, नवा घास घालून द्या. मी अण्णांना कळूही देणार नाही."

तिनं कोपरा हातात घेतला. "टाका लई सरळ घातला भाऊ तुम्ही," ती म्हणाली. मग झाडणी ठेवून ओट्यावर बसली. "दहा वर्सं झाली. दर बारीला अण्णा येतेत, ओसरीवरूनच जातेत. अण्णाला वाटतं, मी रीत पाळून राह्यलो. मला काय वाटतं माहिती हाय का? मला वाटतं, मला लेकरू न्हाई हे कुणी इसरलं असंल तर अण्णा येऊन आठवण करून देतेत. तहानेनं जीव चालला तरी पाणी मागत न्हाईत." तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "आता वाकळंला घास घालायची न्हाई मी. वाकळ हितंच राहू द्या. अण्णाला म्हणावं, घास पाह्यजे असंल तर येऊन खा."

अण्णा शिवारात होते. साखळीचं एक टोक कोंडिबाच्या हातात, दुसरं त्यांच्या. मी निरोप शब्दन् शब्द सांगितला. माझी आजवरची नोकरी लिहिण्याचीच असल्यामुळे मी त्यात काही गाळलं नाही आणि काही घातलं नाही.

अण्णांनी साखळीची कडी बोटांत फिरवली. "बापू, मला वाटलं, मी जेवलो म्हंजे आस सोडली असं व्हईल," ते म्हणाले. "बापानंच आस सोडली तर पोरीनं कुणाकडं बघायचं?"

"अण्णा," मी म्हणालो, आणि पुढचं माझ्या तोंडून कसं निघालं मला ठाऊक नाही, "तुम्ही वरून बघत होतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग साखळी अर्ध्या शेतात टाकली. अर्धवट मोजणी सोडून अण्णा निघाले, हे पाहून कोंडिबा दुसरं टोक धरून तसाच उभा राहिला. अण्णांनी माझं मनगट धरलं होतं, म्हणून मीही गेलो.

सारजा चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं मान वळवली नाही. अण्णा ओसरीवर उभे राहिले. दांडीवर घरातली अंथरुणं टाकलेली होती. त्यांचा हात आपोआप तिकडे गेला. "खाली काय आंथरता?" त्यांनी विचारलं.

"पोतं," ती म्हणाली.

"पोत्याखाली कडबा घालत जा."

"घालते."

 नुसता भाकरी थापल्याचा आवाज. अण्णा आत आले, चुलीसमोर भिंतीला टेकून बसले आणि पटका काढून गुडघ्यावर ठेवला.

"सारजा," ते म्हणाले, "लेकरू व्हईल तवा व्हईल. न्हाई झालं तर न्हाई. मला भूक लागली."

थापता थापता तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली, घरभर वास सुटला, तरी तिनं ती उलथली नाही. मग तीच करपलेली भाकरी तिनं ताटात वाढली, बाजूला ठेचा, आणि पाण्यानं भरलेला तांब्या. अण्णा आधी पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता.

"करपली," सारजा म्हणाली.

"असू दे. बराबर हाय."

त्यांनी अडीच भाकरी खाल्ल्या. मी मोजल्या, कारण मला माझ्या तीन आठवत होत्या. शेवटचा एक तुकडा त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला. "हा वाकळंला," ते म्हणाले. "ती बी कालपासून उपाशी हाय."

सारजानं डोळे पुसले, सुई आणली आणि तिथंच बसून कोपरा उसवला. घास चिंधीत बांधून आत घातला आणि परत शिवला, एक टाका बोटभर, एक वीतभर. माझे सरळ टाके तिनं ओढून काढून चुलीत टाकले, आणि मला त्याचं काहीच वाईट वाटलं नाही.